तुर्भ्याच्या भंगारात जुना गार्डन ट्रॅक्टर मिळतोय, इंजिन जाम आहे. घ्यावा का?

लॉनवाली_घोडबंदर

नमस्कार मंडळी. तुर्भ्याला एका भंगारवाल्याकडे बसून चालवायचा, गवत कापायचा जुना ट्रॅक्टर आलाय. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या हिरवळीवरचा आहे म्हणे. ५५ हजार सांगतोय.

दिसलं ते असं. रंग मूळचा पिवळा-पांढरा असावा, आता निम्मा गंजच आहे. इंजिनाच्या पत्र्यावर कोहलरची पट्टी आहे, त्यावर के-३०१ए एवढं वाचता येतं, पुढची अक्षरं झिजलीत. एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं. इंजिनापासून मागच्या गिअर हाउसिंगपर्यंत पट्टा नाही, दोन पायांच्या मधून लोखंडी शाफ्ट जातो. स्टार्टर नेहमीसारखा दिसत नाही. डायनॅमोसारखा एक लांबट नळा इंजिनाच्या अंगाला आहे, तो पट्ट्यावर फिरतो. खाली तीन पात्यांचा डेक, त्याचा पत्रा दोन जागी आरपार गेलाय. मागचे टायर चिरलेत, वर २३ x ८.५०-१२ लिहिलंय. इंजिन हाताने फिरत नाही.

काम काय, तर घोडबंदर रोडला दीड एकराचं लग्नाचं लॉन, गवत सिलेक्शन वन. तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू होतात, त्याआधी चालू व्हायला हवा. जाम इंजिनाचा घ्यावा का? पार्ट इथे मिळतील का? की सरळ नवं चायनीज इंजिन बसवावं?

साइडव्हॉल्व्ह

ताई, पिवळा-पांढरा, शाफ्टवर चालणारा आणि वर के-३०१, म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट असण्याची शक्यता दाट आहे. ही मालिका १९६०-६१ च्या सुमारास सुरू झाली, १९८१ मध्ये ती एमटीडी या अमेरिकन कंपनीने घेतली. तो लांबट नळा म्हणजे स्टार्टर-जनरेटर. एकच मशीन आधी इंजिन फिरवतं आणि मग बॅटरी चार्ज करतं. तो आहे म्हणजे साठच्या दशकाचा मधला काळ ते सत्तरची सुरुवात, असं धरून चला. नंतरच्या मॉडेलांना गिअरवाला वेगळा स्टार्टर आला.

इंजिन १२ हॉर्सपॉवरचं, ३६०० आरपीएमला. बोअर ३ ३/८ इंच, स्ट्रोक ३ १/४ इंच, म्हणजे साधारण ४७६ सीसी. साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच, हेडमध्ये काहीच हलत नाही. पट्टीवरचं ए हे वेगळ्या तेलपॅनचं अक्षर. पुढे एस असेल तर इलेक्ट्रिक स्टार्ट, क्यू असेल तर क्वाएट लाइन, म्हणजे कमी आवाजाची मालिका.

जाम आहे म्हणून घाबरू नका, पण ५५ हजार आत्ताच देऊ नका. भंगारवाल्याला चहापाण्याचे देऊन हेड उघडायची परवानगी मागा. साइड व्हॉल्व्हचा हाच फायदा आहे: पत्रा काढला, बोल्ट सोडले की पंधरा मिनिटांत बोअर आणि दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर. बोअरला तपकिरी पावडरीसारखा गंज असेल तर तो निघतो. नखाला लागतील असे खड्डे असतील तर बोअरिंग, म्हणजे बोअर कापून मोठा करणं, आलंच.

त्यानंतर इंजिनाचा तेलाचा नट अर्धा आटा सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी जड, ते तळाला असतं आणि आधी तेच ठिबकतं. किती पाणी येतं ते बघा. मागच्या गिअर हाउसिंगलाही हेच करा. तिथलं तेल ताकासारखं निघालं तर बेअरिंगवर गंज धरायचा.

मग ब्लॉक. खालच्या अंगाला, कॅमच्या बाजूला हात फिरवा, आरसा आणि टॉर्च धरा. वेल्डिंग, एमसील किंवा नवा रंग फासलेला दिसला तर तिथून माघारी फिरा. त्याचं कारण आहे. या घराण्यातल्या बऱ्याच इंजिनांत, के-२४१, ३०१ आणि ३२१ मध्ये, क्रँकशेजारी दोन बॅलन्स गिअर असतात. त्यांचं नीडल बेअरिंग झिजलं की गिअर सुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. तुटलेला कनेक्टिंग रॉडही तेच करतो. असा ब्लॉक इथे दुसरा मिळणार नाही.

गिअर एकेक टाकून ट्रॅक्टर ढकलून बघा, न्यूट्रलला सुटतो का तेही बघा. पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनचा खेळ बघा. स्टीअरिंग थोडं फिरवून चाक केव्हा हलायला लागतं ते बघा. स्टीअरिंग बॉक्सला ॲडजस्टमेंट असते, म्हणून त्याचा खेळ सुसह्य. पिनचा खेळ लेथवर जातो.

शेवटी हरवलेलं काय आहे ते मोजा. कार्ब्युरेटर, फ्लायव्हीलवरचा पत्रा, स्टार्टर-जनरेटर आणि पुढचा पाती जोडायचा क्लच, या चारपैकी एक जरी नसलं तरी किंमत निम्मी करा. वजन तीनशे किलोच्या आसपास. लोखंडाच्या भावाने काय होतं ते गुणून बघा आणि तिथून बोलणी सुरू करा.

वागळे_बोरिंग

वरचं सगळं बरोबर. फक्त एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि इथे नव्वद टक्के ब्लॉक तिथेच मरतात: याचे सगळे आटे इंचातले आहेत. पाने ७/१६, १/२, ९/१६ लागतात. १२ आणि १३ चा पाना चढवलात तर नटाचे कोपरे जातात.

त्याहून वाईट म्हणजे बोल्ट. ५/१६ चा यूएनसी (इंचातल्या जाड आट्यांचा) बोल्ट जाडीला ७.९४ मिमी, मेट्रिक एम-८ आठ मिमी. हातात धरले तर जुळे भाऊ. पण यूएनसीला इंचात १८ आटे आणि एम-८ ला साधारण २०. एम-८ दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग जड होतो, मग पोरगा पान्याला पाइप लावतो. बीडाच्या ब्लॉकमधले आटे त्या क्षणी गेले. म्हणून काढलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर खोचून त्याची जागा लिहून ठेवा, आणि नवा घेताना थ्रेड गेज लावून घ्या. नागदेवी स्ट्रीटला यूएनसी-यूएनएफ बोल्ट सुटे मिळतात, वागळे इस्टेटमध्येही एक-दोघे ठेवतात. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवून घ्या. मोठं भोक पाडून जाडा बोल्ट घुसवू नका.

बोअरबद्दल: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करायचं नाही. ०.०१०, ०.०२० आणि ०.०३० इंच ओव्हरसाइज पिस्टन बाहेरून मागवता येतात. बोअर वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीवर, दोन दिशांना, असा सहा वेळा डायल बोअर गेजने मोजायचा. स्टँडर्ड ३.३७५ इंच. झीज तीन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत असेल आणि खड्डे नसतील तर नुसतं होनिंग (बोअर आतून हलका घासणं) आणि नवे रिंग पुरतात. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून गॅप बघा, १० ते २० थाऊ हवा.

क्रँकपिन १.५०० इंच. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आहे, त्यात वेगळं बेअरिंग शेल नाही, रॉडच पिनवर फिरतो. पिनवर ॲल्युमिनियम चिकटलेलं दिसलं की कुणीतरी तेलाशिवाय चालवलंय. पिन १० थाऊ घासून अंडरसाइज रॉड बसतो, तो मिळतो. पिस्टनला लावतात तोच नियम इथे: रॉड आधी, ग्राइंडिंग नंतर.

ऐरोली_खटपट्या

एवढा खटाटोप कशाला? १३ हॉर्सपॉवरचं आडव्या शाफ्टचं पेट्रोल इंजिन नवं मिळतं, होंडाच्या जीएक्स-३९० छापाचं. पार्ट सगळीकडे. चार भोकं पाडा, शाफ्टला कपलिंग लावा, आठवड्यात गवत कापायला लागा. पॉइंट-कंडेन्सर घासत बसायचे दिवस गेले.

साइडव्हॉल्व्ह

भाऊ, पट्ट्यावरच्या मशीनला हे ठीक आहे, मीही तेच सांगितलं असतं. याला नाही. या ट्रॅक्टरात मागे जाणारा शाफ्ट फ्लायव्हीलच्या बाजूने निघतो, आणि कोहलर फ्लायव्हीलकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. तुमचं नवं इंजिन शाफ्टच्या बाजूने बघितलं तर काट्याच्या उलट फिरतं. त्याचा शाफ्ट मागे करून सरळ जोडलात तर दिशा उलटी होते. मग पुढचे तीन गिअर मागे नेतील आणि रिव्हर्स पुढे नेईल. लग्नाच्या लॉनवर करमणूक होईल, पण गवत कापून होणार नाही.

ते टाळायचं तर नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर ॲडॉप्टर प्लेट बनवून तिथून ड्राइव्ह घ्यावा लागतो, कूलिंगचा पत्रा कापावा लागतो, आणि प्लेट दोन-तीन थाऊच्या आत खरी फिरली नाही तर क्लचचा शाफ्ट थरथरतो. ते काम येणारा लेथवाला असेल तर जरूर करा. आठवड्यात मात्र होत नाही.

लॉनवाली_घोडबंदर

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं करून आले. हेड उघडलं. पिस्टन मधोमध अडकलाय, वर गंजाची कडी, खड्डे नखाला लागत नाहीत. एक व्हॉल्व्ह वर उचललेला, खाली बसत नाही. इंजिनच्या नटातून अर्धी वाटी पाणी आलं, मग काळं तेल. गिअर हाउसिंगचं तेल ताकच. ब्लॉकला वेल्डिंग नाही. स्टार्टर-जनरेटर हाताने फिरतो, खरखर आहे. कार्ब्युरेटर आहे, वाटीत हिरवी खपली. फ्लायव्हीलच्या पत्र्याखाली उंदराचं घरटं. २४ हजारांना सौदा झाला, बिल आणि कारखान्याच्या गेट पासची झेरॉक्स घेतली. छोट्या हत्तीत घालून घरी आणलाय. आता सुरुवात कुठून?

साइडव्हॉल्व्ह

छान भावात मिळाला. आता घाई करू नका, आणि बॅटरी लावून स्टार्टर देऊन बघायचा मोह टाळा. अडकलेल्या पिस्टनवर स्टार्टरचा जोर दिला तर ॲल्युमिनियमचा रॉड वाकू शकतो.

पिस्टनच्या वर निम्मं डिझेल, निम्मं ऑटो ट्रान्समिशन ऑइल ओता, बोटभर. तीन-चार दिवस तसंच ठेवा, खाली उतरलं की पुन्हा भरा. गंजाची वरची कडी आधी ४०० च्या पॉलिश पेपरने काढा, नाहीतर पिस्टन वर येताना रिंग तिथेच अडकणार. मग पिस्टनच्या माथ्यावर लाकडाचा गोल ठोकळा, बोअरपेक्षा जरा बारीक, आणि वर हलके ठोके. पिस्टन मधोमध आहे हे तुमचं नशीब. अगदी वर किंवा अगदी खाली अडकला असता तर रॉड क्रँकच्या सरळ रेषेत येतो, ठोका दिला तरी फिरायला वाव नसतो. एकजण ठोके देतोय तोवर दुसऱ्याने फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवत राहायचं. केसभर हलला की जिंकलात. जबरदस्तीने पूर्ण फेरी काढू नका. पुढे-मागे करत, तेल टाकत वाव वाढवा.

अडकलेल्या व्हॉल्व्हची काळजी नको, या रचनेत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटत नाही. गाइडला गंज काढायचं तेल टाका, वरून हलकेच खाली ठोका, स्क्रू ड्रायव्हरने वर उचला, पुन्हा ठोका. वीस-तीस वेळा.

सुटल्यावरही इंजिन उतरवायचंच आहे. पाणी होतं म्हणजे तळाला चिखल आहे, आणि बॅलन्स गिअर आहेत की नाहीत हे तेलपॅन काढल्याशिवाय कळत नाही. असतील तर माझं मत स्पष्ट आहे: काढून टाका. इंजिन थोडं जास्त थरथरतं, फ्रेमचे बोल्ट महिन्याला आवळावे लागतात, पण ब्लॉक फुटत नाही. नवे बेअरिंग घालून पुन्हा बसवणारे लोक आहेत. दीड एकरासाठी तो धोका मी घेणार नाही.

फ्लायव्हील पुलरनेच काढा. मागून हातोडी मारली तर क्रँकचं टोक पसरतं किंवा फ्लायव्हीलला तडा जातो. घरटं आणि सिलिंडरच्या पंखांमधली गवताची पेंड पूर्ण साफ करा. पंख बुजले की हेडच्या एका कोपऱ्यात उष्णता साचते, हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि सगळे गॅस्केटला शिव्या देतात.

हेड काचेवर पालथं ठेवून फिलर गेज घालून बघा. तीन थाऊची पट्टी कुठे शिरली तर काचेवर २२० चा पेपर चिकटवून आठच्या आकड्यात घासा. बोल्ट ३/८ चे, टॉर्क २५ ते ३० फूट-पाउंड, मेट्रिकमध्ये ३४ ते ४१ न्यूटन मीटर. एका दमात नाही, तीन टप्प्यांत, समोरासमोरचे घेत.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने बसवा. टॅपेटला ॲडजस्टिंग स्क्रू आहे, थंड असताना इनटेक ८ ते १० थाऊ आणि एक्झॉस्ट १७ ते १९. एक्झॉस्टचा गॅप बघून मेकॅनिक हमखास म्हणेल की हा जास्त आहे. त्याचं ऐकून कमी करू नका. तापल्यावर दांडा वाढतो, गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. यात सुरुवातीला कॉम्प्रेशन सोडून देणारी यंत्रणा कॅमवरच आहे, म्हणून स्टार्टरवर चांगल्या इंजिनाचा आकडाही हास्यास्पद येतो. फ्लायव्हील हाताने उलट्या दिशेने झटका देऊन फिरवा. दाबावर येऊन उसळून परत आलं तर रिंग आणि व्हॉल्व्ह ठीक.

पॉइंट_कंडेन्सर

वीज माझ्याकडे.

पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच, इंजिनाच्या अंगाला छोट्या झाकणाखाली आहेत, कॅमवरून एक बारीक दांडी येऊन ते उघडते. त्या दांडीजवळून तेल पाझरलं की पॉइंटवर काळा थर बसतो आणि ठिणगी रुसते, म्हणून आधी दांडी साफ करून ती सरसर सरकते का बघा. गॅप २० थाऊ, पण तो अंदाजापुरता. खरं सेटिंग फ्लायव्हीलच्या एस खुणेवर. ती टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन अगदी वर असण्याच्या) २० अंश आधी येते आणि पॉइंट बरोब्बर तिथे उघडायला लागायला हवेत. कॉइलकडची वायर काढा, मीटर बीपवर ठेवून पॉइंट आणि बॉडीला लावा, फ्लायव्हील चालायच्या दिशेने हळू फिरवा. खिडकीत एस आली आणि बीप थांबली की झालं. टी खूण म्हणजे टॉप डेड सेंटर. त्या दोघींत गल्लत झाली तर इंजिन चालू होतं पण तापतं आणि दम नसतो.

कंडेन्सर पद्मिनी किंवा अँबॅसडरचा चालतो, साधारण ०.२ मायक्रोफॅरड. कॉइलही त्याच गाड्यांची घ्या, पण मीटरवर प्रायमरी मोजून: तीन ते चार ओहम हवेत. बाहेरून रेझिस्टर लावायची दीड ओहमची कॉइल सरळ १२ व्होल्टवर दिली तर पॉइंट महिनाभरात जळतात. बाइकची सीडीआय कॉइल तर लावूच नका.

प्लग मूळचा चॅम्पियन एच१०सी. १४ मिमीचा असला तरी त्याच्या चुडीची, म्हणजे आट्यांच्या भागाची, लांबी ७/१६ इंच, आखूड आहे. आजच्या बाइकचा १९ मिमी चुडीचा प्लग बसतो, पण टोक खाली उतरून व्हॉल्व्हवर येतं. गॅप ३५ थाऊ.

स्टार्टर-जनरेटरची खरखर म्हणजे दोन्ही टोकांचे बेअरिंग. ते काढून वर कोरलेला नंबर वाचा, तसेच रबर सीलवाले घ्या. कार्बन आखूड झाले असतील तर मापाचे दुसरे घासून बसवता येतात. कम्युटेटर लेथवर हलका कट मारून मधला मायका खाली कोरायचा, हे रिवाइंडिंगवाल्याला आठवण करून द्या, ते विसरतात. पट्टा बोटाने दाबला तर पाव इंच दबावा. सैल असेल तर सुरू करताना किंचाळतो, घट्ट असेल तर नवे बेअरिंग पुन्हा खातो.

रेग्युलेटरच्या वायरी काढल्या की पहिल्यांदा चालू करण्याआधी जनरेटर पोलराइज करावा लागतो, म्हणजे त्याचे ध्रुव बॅटरीशी जुळवावे लागतात. बीएटी आणि जीईएन या दोन टर्मिनलना वायरचा तुकडा क्षणभर टेकवायचा, छोटी ठिणगी दिसते, झालं. हे न केल्यास जनरेटर उलटा चार्ज करू शकतो, रेग्युलेटरचे पॉइंट चिकटतात आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर जातो. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला. ३५ एएचची छोट्या कारची बॅटरी पुरते.

लॉनवाली_घोडबंदर

पिस्टन पाचव्या दिवशी सुटला! बॅलन्स गिअर होते, काढले. बोअर वागळेत मोजला, झीज दोन थाऊ, होनिंग करून रिंग मागवलेत. आता कार्ब्युरेटर, टायर आणि डेक. मागच्या मापाचे टायर इथे कुणी ऐकलेले नाहीत. पॉवर टिलरचे ६.००-१२ बसतील असं एकजण म्हणतो.

नागदेवीचा_गडी

ताई, पुढचं सोपं आहे. तुमच्या पुढच्या रिमला ८ इंचाचा अरुंद टायर असेल तर रिक्षाचा ४.००-८ बसतो, ट्यूबसकट कोपऱ्यावर मिळतो. रिम रुंद असेल, टायरवर १६ x ६.५०-८ लिहिलं असेल, तर रिक्षाचा नको.

मागे टिलरचा ६.००-१२ चढेल, कारण १२ इंच तेच. पण ८.५० च्या टायरची रिम रुंद असते, त्यावर अरुंद टायरच्या भिंती बाहेर ताणल्या जातात आणि वळताना बीड (टायरची रिमवर बसणारी कड) सुटतो. शिवाय टिलरच्या टायरला चिखलासाठी उंच नांग्या असतात. सिलेक्शन वनवर एका वळणात चकत्या निघतील. रिमची आतली रुंदी टेपने मोजा. पाच इंचाच्या आसपास असेल तरच विचार करा. नाहीतर गोल्फ मैदानाच्या मशिनरीला टायर पुरवणाऱ्यांकडे टर्फ पॅटर्न विचारा, २३ x ८.५०-१२ हे त्यांच्या नेहमीच्या मापांपैकी आहे. जुने टायर हवा धरत असतील तर आत ट्यूब घालून हा हंगाम काढा. गवत कापायच्या वेगाला चिरलेला टायर चालतो.

डेकचे पट्टे: वरची रुंदी १३ मिमी असेल तर ए सेक्शन, १७ असेल तर बी. जुना तुटला असेल तर सगळ्या पुलींवरून सुतळी फिरवून बाहेरची लांबी काढा. मात्र साधा गिरणीचा पट्टा घेऊ नका. डेकवर पट्टा आयडलरवर (पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीवर) पाठीकडून उलटा वाकतो, तिथे साध्या पट्ट्याला महिन्यात भेगा पडतात. अरामिड दोऱ्याचा मागा.

स्पिंडलचे बेअरिंग काढून नंबर वाचा, पुढे २आरएस असलेले घ्या. दोन्ही बाजूंना रबर सील हवाच, नुसत्या पत्र्याच्या झाकणात गवताचा रस शिरतो. पाती घासून झाली की मधल्या भोकात खिळा घालून आडवी धरा. जी बाजू खाली जाते ती अजून घासा. तोललेलं नसेल तर नवे बेअरिंगही गेले समजा.

वागळे_बोरिंग

डेकचा पत्रा: भोकाभोवती वाजवून बघा, जिथे टण् असा आवाज येतो तिथपर्यंत कापा आणि ३ मिमीचा तुकडा लावा. गंजलेल्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, भोक फक्त मोठं होतं. खालून ठिगळाची कड उघडी ठेवू नका, गवत तिथेच अडकून कुजतं.

बारीक भागांचा गंज: लिंबूसत्त्व १०० ग्रॅम प्रति लिटर कोमट पाण्यात, एक रात्र. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच पुसा, तेल लावा. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात टाकायचे नाहीत, म्हणजे कार्ब्युरेटर नाही. मोठ्या भागांना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढतात, तिथे पॉझिटिव्हला साधं लोखंड लावा. स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

क्लच आत्ताच बघा, इंजिन खाली आहे तोवर. शाफ्टवर बसणारा कोरडा क्लच आहे. शाफ्टमधल्या पिनांची भोकं लांबट झाली असतील तर झटके बसतात. शाफ्ट लेथवर नवा करून घ्या, नुसती जाडी पिन घालू नका. गिअर हाउसिंग दोनदा डिझेलने धुऊन, सील बदलून, तेलात बुडालेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरांना जे ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेल घालतात ते लेव्हल प्लगपर्यंत भरा. पाच लिटरचा डबा पुरून उरतो.

रंग शेवटी, आणि दसऱ्यानंतर. खाडीकडच्या दमट हवेत स्प्रे मारला तर रंगावर दुधाळ धूसर येतो आणि प्रायमरखाली पाणी कोंडतं. चालायची घाई असेल तर इपॉक्सी प्रायमरवर लग्नसराई काढा.

साइडव्हॉल्व्ह

कार्ब्युरेटर राहिला. वाटी सोडा, पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, डाग द्यावा लागेल. जेटमध्ये तार घालू नका, क्लीनर आणि हवा. थ्रॉटलचा दांडा बाजूला हलवून बघा. खेळ असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडल कधीच स्थिर होत नाही, कितीही सुई फिरवा. पितळी बुश हाच उपाय. दोन्ही सुया हलक्या हाताने बंद करून मग मेन दोन फेरे आणि आयडल सव्वा फेरा उघडा, ही सुरुवात. पंपावरचं पेट्रोल आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) आहे, त्याला मिश्रण जरा श्रीमंत लागतं, तेव्हा गरम झाल्यावर मेन सुई अजून पाव फेरा उघडावी लागेल. सुईवाल्या जुन्या कार्ब्युरेटरचं हे सुख आहे, फिक्स जेटवाल्यांना ते नाही. पेट्रोलचे जुने रबरी पाइप फेकून द्या, इथेनॉल त्यांना आतून सोलतं आणि त्याचे काळे कण सुईत बसतात. फ्लोरोरबरचे घ्या. आठवडाभर उभा राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा.

तेल एसएई ३० सिंगल ग्रेड, साधारण दोन लिटर, डिपस्टिक बघून. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नाही आणि पंपही नाही, रॉडला असलेली चमच्यासारखी शेपटी तेल उडवते. म्हणून दर वेळी चालवण्याआधी पातळी, आणि दर २५ तासांनी बदल. पहिलं तेल मात्र पाच तासांतच काढा, होनिंगची भुकटी आणि उरलेला चिखल त्यात असतो.

पहिली सुरुवात डेक न जोडता. दहा मिनिटं मध्यम वेगावर, मग बंद, थंड होऊ द्या, हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. मग अर्धा तास लोडशिवाय. हातातला टॅकोमीटर लावून पूर्ण थ्रॉटलवर ३६०० च्या वर जात नाही ना ते बघा. गवत जाड आलं म्हणून कुणी गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग दुसऱ्या भोकात अडकवली तर या रॉडला तो वेग सोसत नाही.

लॉनवाली_घोडबंदर

रिंग कस्टममधून सुटले की बसवते. थ्रॉटलच्या दांड्याला खेळ आहे, बुश करायला दिलाय. मागच्या रिमची आतली रुंदी सात इंच निघाली, तेव्हा टिलरचा टायर रद्द, तूर्त ट्यूब.

नागदेवीचा_गडी

ट्यूब टाकताना रिमचं आतलं गंजाचं कवच घासून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी फिरवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पंक्चर. हवा १० ते १२ पीएसआयच. रिक्षाच्या पंक्चरवाल्याला आधीच सांगा, तो सवयीने ३० भरेल.